‘मंग तिथंच कामून?’ : एमआयटीच्या शंभर शब्दांचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या एमआयटीच्या (मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) प्रवेश अर्जात एक छोटा प्रश्न असतो. सध्या कोणता विषय तुम्हाला सगळ्यात जास्त खुणावतो, आणि तो एमआयटीतच शिकावासा का वाटतो? उत्तराला मर्यादा शंभर शब्दांची. अर्जातली बाकीची उत्तरं मुलं कशीबशी रेटून नेतात, पण इथे भलेभले अडकतात. या प्रश्नाचे भाऊबंद इतर मोठ्या कॉलेजांच्या अर्जांतही भेटतात. येल सव्वाशे शब्द देतं, कोलंबिया दीडशे. सगळ्यांचा रोख एकच: आमच्याकडेच का?

पुढचं प्रकरण २०२३-२४ च्या हंगामातलं आहे. मुलगी वसमत तालुक्यातली, घरी हळद आणि सोयाबीन, अकरावी-बारावीसाठी नांदेडला मुक्काम. मी नांदेडला भौतिकशास्त्र शिकवायचो, आता परदेशी अर्ज करणाऱ्या मुलांचं लिखाण वाचून देतो. तिच्या आणि तिच्या वडिलांच्या संमतीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत.

पहिला मसुदा

तिने आणलेला पहिला मसुदा व्याकरणाच्या दृष्टीने चोख होता. लहानपणी गच्चीवरून तारे पाहिले, कृष्णविवरांनी वेड लावलं, एमआयटी जगातली अग्रगण्य संस्था, तिथल्या अत्याधुनिक प्रयोगशाळा, नोबेल विजेते प्राध्यापक, जगभरातले हुशार विद्यार्थी. शेवटी हुकमाचा एक्का: माझ्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, म्हणून मला गुरुत्वीय लहरींवर काम करायचंय. (कृष्णविवरांच्या टकरीसारख्या घटनांतून अवकाशात उठणाऱ्या अतिसूक्ष्म लहरी त्या गुरुत्वीय लहरी, आणि लायगो म्हणजे त्या मोजणारं यंत्र.)

अशा उताऱ्याला लावायची एक सोपी कसोटी आहे. कॉलेजचं नाव खोडायचं आणि दुसरं घालायचं. मी एमआयटीच्या जागी कॅलटेक, म्हणजे कॅलिफोर्नियातली तशीच नामांकित संस्था, घातलं. उतारा बिघडला तर नाहीच, उलट जास्त शोभला. अमेरिकेतली लायगोची प्रयोगशाळा कॅलटेक आणि एमआयटी मिळून चालवतात. २०१७ चं नोबेल तिघांना मिळालं, त्यात रायनर वाइस एमआयटीचे आणि किप थॉर्न, बॅरी बॅरिश कॅलटेकचे. म्हणजे नोबेलच्या हिशेबात तिचा मसुदा दोनास एक मतांनी दुसऱ्याच कॉलेजला जात होता.

औंढ्याचं वाक्य मात्र तिला काही केल्या सोडवेना, आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. हिंगोलीतून एमआयटीला अर्ज करणारी मुलं किती असणार? लायगो-इंडियाला केंद्राची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली. गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा सापडल्याची घोषणा त्याच महिन्यात झाली होती. २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडला. हे सगळं खरं आहे. पण आपल्या जिल्ह्यात प्रकल्प आला यात अर्जदाराने काय केलं? जागा निवडणाऱ्यांना तिथली जमीन शांत वाटली, एवढंच त्यातून कळतं. कोलंबियासाठी लिहिणारी आपल्याकडची मुलं हमखास बाबासाहेबांचं नाव घेतात, त्यातही हाच घोटाळा असतो. १९१३ मध्ये बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेले. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करून गेले. अर्थतज्ज्ञ सेलिग्मन आणि तत्त्वज्ञ ड्यूई यांच्या हाताखाली शिकले. हे लिहून मुलं थांबतात. ज्या वर्गात ते बसले त्या वर्गात तुला काय करायचंय, हे वाक्य पुढे येतच नाही.

वडिलांचा प्रश्न

दिवाळीनंतर तिचे वडील नांदेडला मोंढ्यात आले होते, तेव्हा दोघं माझ्याकडे आले. आधी एक गैरसमज निस्तरावा लागला. आपल्याकडे एमआयटी म्हटलं की पुण्यातलं कॉलेज डोळ्यांसमोर येतं. गावात त्यांनी ‘पोरगी एमआयटीला चालली’ असं सांगून टाकलं होतं, आणि कुणीतरी डोनेशन किती म्हणून विचारलंही होतं. अमेरिका म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सर, यंत्र बसायलंय औंढ्याला. त्याचे शास्त्रज्ञ बसतेत पुण्याला, आयुकात. मंग हिनं तिथंच कामून जायचं?” आयुका म्हणजे पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था.

शंभर शब्दांचा प्रश्न मला इतका नेमका कुणी विचारला नव्हता. प्रवेश अधिकारी विचारतात, आमच्याकडे का? वडील विचारत होते, जवळचं सोडून का? या दुसऱ्या प्रश्नाला ज्या मुलाकडे उत्तर आहे, त्याला पहिलं लिहायला तासभर पुरतो. ज्याच्याकडे नाही, तो अग्रगण्य आणि अत्याधुनिक असली विशेषणं गोळा करत बसतो. म्हणून मी तिला म्हटलं, अर्ज बाजूला ठेव, आधी पप्पांना पटव. आणि आयुकाला कमी लेखून पटवायचं नाही. गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेचायचा, यावर संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयुकात जे काम केलं त्याला जगात मान आहे. ‘भारतात सोय नाही’ हे वाक्य खोटं पडलं असतं, आणि ते वाचणाऱ्याला कळलंही असतं.

तिने पहिलं कारण पैशाचं दिलं. ते खरं होतं आणि वडिलांच्या लगेच ध्यानात आलं. एमआयटीचा वर्षाचा एकूण खर्च तेव्हा ८५ हजार डॉलरच्या घरात होता. पण प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना ते घरची ऐपत पाहत नाहीत, परदेशी मुलांचीही नाही, आणि प्रवेश दिला की कुटुंबाला जे झेपत नाही तेवढं सगळं स्वतः भरतात. अमेरिकेत परदेशी मुलांसाठी असं करणाऱ्या संस्था हातावर मोजण्याइतक्या. कॅलटेक त्यांत नाही, तिथे परदेशी अर्जदाराने मदत मागितली तर निर्णयात ते विचारात घेतलं जातं. त्यासाठी कागदपत्रं जमवणं हा निराळाच व्याप झाला. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरणपत्र नाही. शेवटी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आडत्याच्या हिशेबपट्ट्या इंग्रजीत करून जोडल्या. हळदीचा भाव एका वर्षात दुप्पट कसा होतो आणि पुढच्या वर्षी का पडतो, हे समजावणारं पत्र तिने स्वतः लिहिलं. माझ्या मते संपूर्ण अर्जातलं ते सगळ्यात चांगलं लेखन होतं, पण ते गेलं आर्थिक मदतीच्या विभागाकडे.

पैशाचं कारण शंभर शब्दांत मात्र घालायचं नाही, असं मी तिला सांगितलं. ते खरं असलं तरी प्रत्येक गरजू अर्जदाराला लागू पडतं. निवडणाऱ्याला त्यातून तिच्याबद्दल काहीच कळत नाही.

दुसरं कारण शाखेचं. आपल्याकडे आयआयटीत कोणती शाखा मिळणार हे जेईईचा रँक ठरवतो. भौतिकशास्त्र एका दारातून, मेकॅनिकल दुसऱ्या दारातून. एमआयटीत प्रवेश विभागवार नसतो, पहिलं वर्ष झाल्यावर विषय निवडायचा. पहिल्या सत्राचे गुण तर प्रगतिपुस्तकावर येतच नाहीत, पास झालात तेवढीच नोंद. वडिलांनी विचारलं, “पण तुला पक्कं ठाऊक हाय ना काय शिकायचंय? मंग ही मुभा कशाला?” प्रश्न बरोबर होता. तिचं उत्तर अडखळत आलं, आणि त्यातच खरा माल निघाला.

ड्रमची थरथर

हळद काढून, कुकरमध्ये वाफेवर शिजवून, पंधरवडाभर उन्हात वाळवली की पॉलिशला जाते. जाळीचा मोठा लोखंडी ड्रम, त्यात वाळलेली हळकुंडं, बाजूला मोटार. ड्रम फिरतो, हळकुंडं एकमेकांवर आणि पत्र्यावर घासतात, साल निघते, पिवळा धुरळा सगळीकडे. अकरावीच्या वर्षी तिने आपला फोन या ड्रमच्या चौथऱ्यावर ठेवला. फोनमध्ये त्वरणमापक असतो. फायफॉक्स नावाचं जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं एक मोफत ॲप आहे, ते त्याच्या नोंदी दाखवतं आणि कोणत्या वारंवारतेला किती थरथर आहे याचा आलेखही काढून देतं.

आलेखात २४ हर्ट्‌झच्या आसपास एक ठळक शिखर आलं. तिला २५ अपेक्षित होतं. वीज ५० हर्ट्‌झची, मोटार चार पोलची, म्हणजे सेकंदाला २५ फेरे, असं तिने इंटरनेटवर वाचलं होतं. मोटारीच्या पाटीवर मात्र १४४० आकडा होता. १४४० भागिले ६०, बरोबर २४. हा एक फेरा जातो कुठे, हे तिने वसमतच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याला विचारलं. तो म्हणाला, लोड आला की मोटार मागं पडते, मागं पडली नाही तर ओढणारच नाही. इंडक्शन मोटारीच्या स्लिपची इतकी सुटसुटीत व्याख्या मी वर्गात कधी केली नव्हती. तिने पडताळूनही पाहिलं. ड्रम रिकामा असताना शिखर उजवीकडे, भरला की किंचित डावीकडे.

मग ती लांब लांब सरकत गेली. काही अंतरावर फोनला काही जाणवेना, कारण त्याच्या स्वतःच्या खुडबुडीतच ते बुडून जायचं. तिने एक स्वस्तातला जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर पकडणारा संवेदक, मागवला आणि आयटीआयमधल्या मामेभावाच्या मदतीने त्याला ॲम्प्लिफायर जोडला. काळ्या रानात ती थरथर लवकर विरायची, मुरमाडाच्या अंगाने मात्र बऱ्याच लांबपर्यंत मिळायची. पाऊस झाल्यावर हिशेब पुन्हा बदलायचा. नोंदी फार नव्हत्या, वहीत तारखाही धड नव्हत्या, त्यामुळे यातून निष्कर्ष काढावा असं काही नव्हतं. पण शेडच्या आढ्याला सुतळीने वीट टांगून, विटेला फोन बांधून तिने पाहिलं होतं की टांगलेल्या विटेपर्यंत २४ चं शिखर जवळजवळ पोचतच नाही.

हे ऐकताना मी तिला थांबवलं आणि विचारलं, लायगोचे आरसे कसे टांगलेले असतात ठाऊक आहे का? तिला ठाऊक होतं. चाळीस किलोचा काचेचा आरसा, चार टप्प्यांच्या लंबकाला लोंबकळणारा, कारण जमिनीची हालचाल त्याच्यापर्यंत पोचता कामा नये. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी लहान फरक मोजायचा, तर रस्त्यावरचा ट्रक, दूरची रेल्वे, समुद्राच्या लाटांची किनाऱ्यावरची धडक, सगळं आडवं येतं. लुइझियानातल्या लायगोला आसपासच्या जंगलतोडीचाही त्रास होतो. हे सगळं ती इतक्या उत्साहाने सांगत होती की कृष्णविवरांचं नावही तिने काढलं नाही.

म्हणजे तिला ओढ होती ती गोंगाटाची. पहिल्या मसुद्यातली कृष्णविवरं यूट्यूबवरून आली होती.

शाखेच्या मुभेचं कारणही इथेच सापडलं. थरथर समजून घ्यायची तर भौतिकशास्त्र लागतं, ती अडवणारा सांगाडा करायचा तर मेकॅनिकल. तिला दोन्ही एकाच वेळी हवं होतं आणि ते पहिल्या वर्षापासून हाताने करून बघायचं होतं. एमआयटीत १९६९ पासून यूरोप (UROP) नावाची योजना आहे. नाव ऐकून वडिलांना वाटलं पोरगी आता युरोपलाही जाणार. पदवीच्या मुलांनी प्राध्यापकांच्या खऱ्या संशोधनात काम करायचं, त्याचं मानधन किंवा क्रेडिट घ्यायचं, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांनाही त्यात मज्जाव नसतो, अशी ती योजना. वडील एवढंच म्हणाले, “हे पटतंय. पण आयसरला असं नसतंय का?” काही प्रमाणात असतं, हे तिनेही मान्य केलं. आयसर ही केंद्राची विज्ञान शिक्षणाची संस्था; तिथे संशोधन होतं, पण मेकॅनिकल इंजिनिअरिंग नाही.

दुसरा मसुदा, आणि मग तिसरा

एवढं बोलणं झाल्यावर दुसरा मसुदा चांगला यायला हवा होता. आला तो याद्यांनी ठासून भरलेला. एमआयटीच्या संकेतस्थळावर रात्र काढून तिने विषयांचे क्रमांक, प्रयोगशाळांची आद्याक्षरं आणि चार प्राध्यापकांची नावं कोंबली होती. वाइस यांच्या हाताखाली काम करायची इच्छाही त्यात होती. वाइस तेव्हा नव्वदी ओलांडून गेलेले, शिकवण्यातून कधीच निवृत्त झालेले. ही चूक सल्लागारांच्या ‘कॉलेजविषयी नेमकं लिहा’ या मंत्रातून जन्मते. नेमकेपणा कॉलेजच्या माहितीत असून चालत नाही, कारण ती माहिती वाचणाऱ्याला तुमच्याहून जास्त असते. तो त्या जागी तुम्ही काय करणार यात लागतो. शिवाय एमआयटी जाहीरच करतं की अर्जदाराने आमच्यात किती रस दाखवला हे आम्ही मोजत नाही. काही कॉलेजांना बोलावलेला मुलगा येईल की नाही याची धास्ती असते, म्हणून ती असा रस मोजतात. एमआयटीला ती चिंता फारशी नाही.

वाइस यांचं नाव मात्र मी पूर्ण काढू दिलं नाही. पदवीच्या काळात ते एमआयटीतून बाहेर पडले होते आणि तंत्रज्ञ म्हणून तिथल्याच एका प्रयोगशाळेत परतले, ही गोष्ट तिला आवडली होती. तिला खरी भिडली ती दुसरी गोष्ट. १९७२ मध्ये त्यांनी एमआयटीच्या एका अंतर्गत अहवालात लेझरने गुरुत्वीय लहरी मोजण्याची कल्पना मांडली. त्यातला मोठा भाग यंत्राला काय काय त्रास देईल याच्या हिशेबाचा आहे: लेझरचा चढउतार, उष्णतेची हालचाल, जमिनीची थरथर आणि असंच बरंच काही. तो अहवाल इंटरनेटवर मोफत मिळतो. तिने तो उतरवून घेतला, निम्मा कळला नाही, जमिनीचा भाग पुन्हा पुन्हा वाचला.

शेवटचं उत्तर इंग्रजीत होतं. मराठीत त्याचा ऐवज असा:

“आमच्या शेतात हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमची थरथर मी मोजते. काळ्या मातीत ती लवकर विरते, मुरमाडावर लांब जाते. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तासाभराच्या अंतरावर लायगो-इंडिया उभं राहतंय आणि तिथल्या आरशांना अशाच थरथरीशी झगडायचंय. मला भौतिकशास्त्र शिकायचंय, पण आरसा टांगणारा सांगाडाही बनवायचाय. एमआयटीत या दोन्हींतून एक आधीच निवडावं लागत नाही आणि पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम मागता येतं. वाइस यांच्या १९७२ च्या अहवालातली गोंगाटाची यादी मी वाचली आहे. त्यातल्या जमिनीच्या मुद्द्यावर मला काम करायचंय.”

यात औंढा आहे, पण आता त्याच्या आधी ड्रम आलाय, म्हणून तो योगायोग राहत नाही. ‘नीट सांगता येत नाही’ हे वाक्य काढावं असं तिच्या क्लासमधल्या इंग्रजीच्या सरांचं म्हणणं होतं, अर्जात अज्ञान कबूल करू नये म्हणून. मी ते राहू द्या म्हटलं. ज्याला सगळं कळलंय त्याने एवढ्या लांब शिकायला कशाला जायचं? एका बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. नावाची कसोटी या उत्तरालाही लावली तर ते पूर्ण उतरत नाही. विषय उशिरा निवडण्याची सोय अमेरिकेत इतरही ठिकाणी आहे. मला तिथे आणखी एखादी एमआयटीचीच खूण हवी होती. ती म्हणाली, “सर, आणखी घातलं तर खोटं वाटंल. मला तिथलं एवढंच माहितीये.” अर्ज तिचा होता.

पुढे

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला, त्याच महिन्याच्या अखेरीला जेईई होती. अमेरिकी कॉलेजांसाठीची सॅट परीक्षा तिने हैदराबादला जाऊन दिली होती. एमआयटीचे एक माजी विद्यार्थी ऑनलाइन मुलाखतीला भेटले. ते मुख्यतः मोटारीच्या स्लिपवरच बोलत राहिले. एमआयटी का, हे त्यांनी विचारलंच नाही.

एमआयटीचे निकाल १४ मार्चला, म्हणजे गणितातल्या ‘पाय’च्या (३.१४) दिवशी, तिथल्या संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लागतात. ६.२८ म्हणजे दोन पाय, हा त्यांचा विनोद. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार वाजत आलेले असतात, आणि तिचे बारावीचे पेपर चालू होते. उत्तर नकाराचं आलं. त्या वर्षी २८ हजारांवर अर्जांतून पावणेतेराशे जणांना प्रवेश मिळाला. परदेशी मुलांसाठी दार याहूनही अरुंद असतं. ते शंभर शब्द कमी पडले की आणखी काही, हे कुणी सांगत नाही आणि त्यावर तर्क करण्यात अर्थ नाही.

जूनमध्ये आयसरची प्रवेश परीक्षा देऊन ती पुण्याला गेली. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत कुठल्या तरी प्रयोगशाळेत काम मिळावं म्हणून तिने दोन-तीन ठिकाणी मेल पाठवले, त्यात ड्रमचा आणि मुरमाडाचा मजकूर जवळपास तसाच होता. एमआयटीचं वाक्य काढून तिथे त्या त्या प्रयोगशाळेत नेमकं काय करून बघायचंय ते लिहिलं होतं. एका ठिकाणाहून जिओफोनच्या मूळ नोंदी मागवल्या गेल्या. वहीत तारखा नव्हत्या, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत गावी जाऊन तिला सगळी मोजणी नव्याने करावी लागली, आणि दिवाळीत हळद उभ्या पिकात असते, ड्रम बंद. वडिलांनी रिकामा ड्रम चालवून दिला. विजेचं बिल तिच्या नावावर मांडलंय म्हणे.